रुग्णालयात नवी संगणक प्रणाली येतेय : सही होण्याआधी परिचारिकांनी काय मागून घ्यावं?

निशापाळी
नमस्कार मंडळी. मी जिल्ह्याच्या गावी एका ट्रस्टच्या रुग्णालयात फीमेल मेडिकल वॉर्डची इनचार्ज आहे. आजवर आमच्याकडे बिलिंग आणि लॅब संगणकावर, बाकी सगळं कागदावर. आता पूर्ण रुग्णालय 'पेपरलेस' करायचं ठरलंय. शेवटच्या यादीत दोन कंपन्या आहेत, करारावर अजून सह्या व्हायच्यात. खरेदी समितीत दोन कन्सल्टंट, अकाउंट्सचे साहेब, आयटीचा मुलगा आणि एक ट्रस्टी. नर्सिंगचं कोणीच नव्हतं. मेट्रन मॅडम भांडल्या, तेव्हा एक खुर्ची मिळाली आणि तिच्यावर त्यांनी मला बसवलंय.

डेमो पाहिला. डॉक्टरांचा स्क्रीन नीट विचार करून केलेला, बिलाचा तर फारच नीट. नर्सिंगचा टॅब उघडला तर 'नर्सेस नोट्स' नावाचा एक मोठा रिकामा चौकोन. विचारलं, टीपीआर (ताप-नाडी-श्वास) चार्ट कुठाय? इनटेक-आउटपुट कुठाय? उत्तर आलं, "सिस्टर, ते कस्टमायझेशनमध्ये करून देऊ."

वॉर्डातली सगळ्यात जास्त लिखापढी नर्स करते, चोवीस तास रुग्णाजवळ तीच असते. तिला न विचारता तिच्या हातातलं साधन ठरवणं मला रुग्णासाठी धोक्याचं वाटतं, आणि हे मी समितीत बोलणार आहे. पण नुसतं "आम्हाला विचारा" म्हणून भागणार नाही, नेमकं मागता आलं पाहिजे. ज्यांनी हा बदल पार केलाय त्यांनी सांगा, करारात काय लिहून घ्यावं?

मिरजमळा
संगणक ठेवायची ट्रॉली. चाकांची, बॅटरीवाली, दर दहा-बारा खाटांमागे एक. काउंटरवर एकच पीसी दिला तर नर्स हातावर पेनाने बीपी लिहून आणते आणि शिफ्टच्या शेवटी रांगेत उभी राहून भरते.

कृष्णाकाठ
निशापाळी ताई, विषय काढलात ते फार बरं झालं. मी खासगी रुग्णालयात आयसीयूला आहे.

आमच्याकडे प्रणाली आली, पण कागद गेला नाही. विमा कंपनीला सही-शिक्क्याची प्रत हवी, एमएलसीची (पोलीस केसची) फाइल कागदावरच हवी, तपासणीला कोणी आलं की "फाइल दाखवा". म्हणून आधी संगणकात भरायचं, मग प्रिंट काढायची, आणि रिपोर्ट बुक, इंजेक्शन बुक, इंडेंट बुक, सेन्सस, क्रॅश कार्टची तपासणी वही हे सगळं हाताने चालूच. एकाच रुग्णाचं तेच बीपी तीन ठिकाणी. प्रणाली वाईट होती असं मी म्हणणार नाही. पण कुठली वही कधी बंद होणार, हे कोणी ठरवलंच नाही. वही बंद करायचा अधिकार आमच्याकडे नव्हता आणि ज्यांच्याकडे होता त्यांना त्या वह्या असतात हेच माहीत नव्हतं.

तर माझी पहिली मागणी : चालू असलेल्या प्रत्येक रजिस्टरचं नाव आणि त्यापुढे ते बंद होण्याची तारीख. ज्याला तारीख नाही ते का चालू राहणार याचं कारण. यावर वैद्यकीय अधीक्षकांची सही.

दुसरं औषधांच्या वेळांचं. आमच्या प्रणालीत बीडी (दिवसातून दोनदा) लिहिलं की आपोआप सकाळी ८ आणि रात्री ८. आता आठ वाजता ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्ण सोपवणं, चालू असतो. एका नर्सकडे सहा रुग्ण, प्रत्येकाची चार-पाच औषधं, सगळी आठच्या ठोक्याला कशी देणार? ८:३० झाले की स्क्रीन लाल. त्या लाल रंगाच्या भीतीने मुली काय करायला लागल्या, तर आठला सगळ्यांपुढे 'दिलं' टिक करायचं आणि मग औषधं द्यायला निघायचं. यात मुलींना दोष देऊ नका. किती मिनिटांची सवलत हवी हे वॉर्डातून ठरायला हवं होतं, ते कुठेतरी दूर बसून ठरलं.

पेन्शनर_मेट्रन
वाचतेय. सविस्तर लिहिते, रुमाल टाकून ठेवते.

कोडोपंत
मी पुण्यात रुग्णालयांची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत बरीच वर्षं आहे. आमची बाजूही ऐका.

आम्ही नर्स मागतो. खरंच मागतो. रिक्वायरमेंटच्या मीटिंगला रुग्णालयाकडून सिस्टर येतात, पंधरा मिनिटांत वॉर्डातून फोन येतो, त्या उठून जातात. त्यांच्या जागी मग आयटीचा माणूस "नर्सिंगला काय लागतं" ते सांगतो आणि त्या कागदावर अकाउंट्सवाले सही करतात. शिवाय पैशाचं गणित स्पष्ट आहे. बिलिंग चुकलं तर रुग्णालयाचं उत्पन्न बुडतं, म्हणून त्याला पहिला नंबर. नर्सिंगच्या नोंदींचं वेगळं बिल होत नाही, त्यामुळे खरेदी करणारा त्याबद्दल विचारत नाही आणि विकणारा त्यावर खर्च करत नाही.

म्हणून ताई, तुमची मागणी आधी स्वतःच्या रुग्णालयाकडे हवी. ज्या दिवशी नर्स या कामाला बसेल त्या दिवशी तिची ड्युटी लावू नका, बदली माणूस द्या. एवढं मिळालं तर पुढचं निम्मं काम आम्ही करतो.

आणि एक विरोधाचा मुद्दा. प्रत्येक वॉर्डाला स्वतःचा वेगळा चार्ट हवा असतो. एका ठिकाणी इनटेक-आउटपुटचे इतके प्रकार मागितले गेले की शेवटी आयसीयूतून वॉर्डात रुग्ण हलवला की आकडे जुळेनात. तुमचा कागद जसाच्या तसा स्क्रीनवर मागू नका.

निशापाळी
कोडोपंत, बदली माणसाचा मुद्दा टिपून घेतला. खरं सांगायचं तर परवाच्या डेमोलाही मी नाईट उतरून गेले होते. पण कागद जसाच्या तसा मागू नका हे पूर्ण पटत नाही. आमचा चोवीस तासांचा टीपीआर चार्ट एका नजरेत कळतो. तापाची रेघ वर चाललीय, नाडी तिच्यामागे चाललीय, हे पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून दिसतं. डेमोत तेच बघायला प्रत्येक तासाची नोंद वेगळी उघडावी लागत होती.

कोडोपंत
हे मान्य. तो आलेख मागाच. मी म्हणत होतो ते वॉर्डागणिक वेगळ्या रकान्यांबद्दल.

डॉ_घाटमाथा
मी फिजिशियन आहे, आधी सरकारी, आता खासगी. नर्सिंगला समितीत जागा हवी याबद्दल वादच नाही. पण नर्सिंगकडून येणारी यादी मी पाहिलीय : त्वचेची स्थिती, पडण्याचा धोका, वेदनेचा आकडा, पोषण, मनःस्थिती, सगळं दर शिफ्टला, सगळं सक्तीचं. कोणी वाचत नाही ते भरायला लावणं हा नर्सवर अन्यायच आहे. प्रत्येक रकान्यापुढे एकच प्रश्न विचारा : हे वाचून कोण काय करणार?

नर्सला रुग्णापासून दूर नेणारी प्रणाली काय करू शकते त्याचं गाजलेलं उदाहरण पिट्सबर्गच्या मुलांच्या रुग्णालयाचं. डॉक्टरांच्या ऑर्डर संगणकावरून देणं त्यांनी सुरू केलं. दुसऱ्या रुग्णालयांतून हलवून आणलेल्या मुलांमधला मृत्युदर आधी २.८० टक्के होता, नंतरच्या महिन्यांत तो ६.५७ टक्के आढळला. २००५ साली 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात हे छापून आलं. कारणांची चर्चा वाचण्यासारखी आहे. पूर्वी मूल वाटेत असतानाच औषधं, तपासण्या लिहून तयारी सुरू व्हायची. नव्या पद्धतीत मूल पोचून दाखल झाल्याशिवाय ऑर्डरच टाकता येईना. औषधं मध्यवर्ती फार्मसीकडे गेली. कोणीतरी सतत संगणकाशी अडकलेलं, म्हणजे खाटेजवळ दोन हात कमी. यातली प्रत्येक गोष्ट तिथल्या अनुभवी नर्सने आधीच सांगितली असती.

मात्र लगेच संगणकाला दोष देऊ नका. पुढच्याच वर्षी सिएटलच्या मुलांच्या रुग्णालयाने तेच उत्पादन वापरून आपले आकडे प्रसिद्ध केले, तिथे मृत्युदर वाढला नव्हता. त्यांनी नेहमी लागणाऱ्या ऑर्डरचे संच आधीच तयार ठेवले होते.

कृष्णाकाठ
डॉक्टर, "कोण वाचणार" हे अगदी बरोबर. पण पाठीला जखम झाली की पहिला प्रश्न नर्सलाच येतो, "दाखल होताना होती का? कुठे लिहिलंय?" म्हणून आम्ही तो रकाना सक्तीचा मागतो. तुम्ही राऊंडला तो वाचायचं कबूल करा, बाकीचे दहा आम्ही सोडून देऊ.

डॉ_घाटमाथा
कबूल. लेखी देतो.

लीड्सकर
मी मूळची सोलापूरची, आता इंग्लंडमध्ये नर्स आहे. इथली एक व्यवस्था तुम्हाला मागण्यासारखी वाटते म्हणून लिहिते.

इथे आरोग्याच्या सॉफ्टवेअरसाठी दोन सुरक्षा मानकं आहेत, डीसीबी ०१२९ बनवणाऱ्यासाठी आणि डीसीबी ०१६० वापरणाऱ्या संस्थेसाठी. दोन्हीत एक 'क्लिनिकल सेफ्टी ऑफिसर' लागतो आणि तो नोंदणीकृत आरोग्य व्यावसायिकच असावा लागतो. डॉक्टर असू शकतो, फार्मासिस्ट असू शकतो, नर्सही असू शकते. तिच्याकडे धोक्यांची नोंदवही असते. 'या स्क्रीनवर दोन सारख्या नावांचे रुग्ण एकाखाली एक दिसतात' असं कोणी कळवलं की ते त्या वहीत चढतं, किती गंभीर आणि किती शक्य याचं मोजमाप होतं, आणि उपाय काय केला ते लिहावं लागतं. तक्रार तोंडी राहत नाही, हा त्यातला मोठा फायदा. बऱ्याच रुग्णालयांत मुख्य नर्सिंग माहिती अधिकारी असंही पद आहे, आयटी आणि नर्सिंग यांच्यामधलं.

डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून न्यूज-टू सांगते. रुग्णाची तब्येत बिघडतेय का हे वेळीच सांगणारा रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा गुणांक, ही आवृत्ती २०१७ ची. श्वासाची गती, ऑक्सिजनचं प्रमाण, वरून ऑक्सिजन चालू आहे का, वरचं बीपी, नाडी, रुग्ण किती शुद्धीवर आहे ते आणि ताप. प्रत्येकाला गुण, त्यांची बेरीज. ५ झाली की तातडीने डॉक्टरने बघायचं, ७ झाली की आणीबाणीची टीम. आपण जे एरवीही मोजतो तेच आकडे, पण बेरीज यंत्र करतं आणि बोलवायचं कोणाला हे आधी ठरलेलं असतं. रात्री दोन वाजता नवी मुलगी रजिस्ट्रारला फोन करताना कचरत नाही, कारण तिच्यामागे तो आकडा उभा असतो. नोंद भरण्याचं फळ नर्सला त्याच शिफ्टमध्ये मिळालं तर ती मनापासून भरते, हे मी रोज बघते.

घडघडे
अवांतर : आमच्या गावच्या दवाखान्यात पेशंटचा मोबाइल नंबर सक्तीचा आहे. ज्याच्याकडे नाही त्याला दहा वेळा नऊ टाकतात. त्या नंबरचा माणूस महाराष्ट्रातला सगळ्यात आजारी माणूस असावा!

कृष्णाकाठ
घडघडे, हसले खरी, पण याच कारणाने आमच्या कॅज्युअल्टीत अडचण व्हायची. बेशुद्ध आणलेला 'अनोळखी पुरुष', अंदाजे वय ४०. नाव, मोबाइल, पत्ता सक्तीचे, त्याशिवाय नंबर तयार होत नाही, नंबर नाही तर लॅबचं लेबल नाही. नवजात बाळाचंही तेच. जुळी झाली तर पहिलं आणि दुसरं यांत फरक करायला जागाच नव्हती, दोघंही 'बेबी ऑफ' अमुक. निशापाळी ताई, डेमोत कंपनीला मुद्दाम हेच करून दाखवायला सांगा : अनोळखी रुग्ण, जुळी, दाखल होताच ओटीत गेलेला रुग्ण, आणि डामा (डॉक्टरांचा सल्ला न मानता घरी जाणारा).

चिंचपोकळी
शिवाय नावं! लक्ष्मी इंग्रजीत एक्स घालून लिहिणारे वेगळे, के-एस-एच लिहिणारे वेगळे. गेल्या वेळचा केस पेपर सापडतच नाही, मग नवा नंबर. माझ्या काकूंचे एकाच रुग्णालयात चार नंबर आहेत.

कोडोपंत
उच्चारावरून शोधण्याची सोय असते, मागितली तर मिळते. आणि आभा, म्हणजे रुग्णाचा आरोग्य ओळख क्रमांक, यासाठीच आहे. १४ आकडी, आयुष्मान भारत डिजिटल मिशनखाली, देशभर सुरुवात सप्टेंबर २०२१ मध्ये. पण तो रुग्णाच्या इच्छेवर आहे, नाही म्हणून उपचार थांबवता येत नाहीत. म्हणजे आभा नसलेल्याचीही वाट प्रणालीत हवीच.

यातलं नर्सेसनी लक्षात घ्यावं असं : त्या मिशनच्या आरोग्य व्यावसायिकांच्या नोंदणीत नर्सनाही जागा आहे. आणि परिभाषेचं काम आपल्या पुण्यातच, सी-डॅकमधल्या राष्ट्रीय केंद्रात चालतं. स्नोमेड सीटी या वैद्यकीय संज्ञांच्या प्रणालीचा भारत २०१४ पासून सदस्य आहे, त्यामुळे इथल्या कंपन्यांना ती फुकट वापरता येते. तिच्यात नर्सिंगच्याही संज्ञा आहेत. डेमोतल्या त्या रिकाम्या चौकोनात लिहिलेलं 'पाठीवर लालसर' यंत्राला शोधता येत नाही. तेच निवडून भरलेलं असेल तर महिन्याला किती रुग्णांना दाबजखम झाली हे एका क्लिकमध्ये निघतं. कंपनीला विचारा, नर्सिंगच्या नोंदी संज्ञांसह साठवता की नुसता मजकूर?

सातपुड्याची_लेक
तुम्ही सगळे मोठ्या दवाखान्यांचं बोलताय, मी उपकेंद्रावरची एएनएम, गावोगाव फिरणारी परिचारिका आहे. आमच्याकडे संगणक प्रणाली म्हणजे हातातला टॅब आणि स्वतःचा मोबाइल. आदिवासी भागात उपकेंद्राला ३००० लोकसंख्येचा निकष, पण पाडे इतके विखुरलेले की एका लसीकरण सत्राला अर्धा दिवस चालण्यातच जातो.

गरोदर मातेची नोंद आरसीएच (माता-बाल आरोग्याच्या) रजिस्टरात आणि ॲपमध्ये. क्षयरोगाचं वेगळं, बीपी-शुगरचं वेगळं, लसीकरणाचं वेगळं. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. तीच बाई, तेच गाव, तेच वय, दर ठिकाणी पुन्हा. रेंज नसते, मग संध्याकाळी टेकडीवर जाऊन अपलोड. नोंद अपुरी दिसली की वरून विचारणा येते. आपण त्या बाईची तपासणी केली की नाही, हे कोणी विचारत नाही.

पण एक चांगलंही सांगते. एएनएमसाठीचं अनमोल ॲप २०१६ साली आलं, ते नेट नसतानाही नोंद घेतं आणि रेंज आली की पाठवतं. ज्याने कोणी हे सुचवलं असेल त्याने नक्की एखाद्या पाड्यावर पाय ठेवला असणार. त्यात कोणाची प्रसूती जवळ आली ते समोर दिसतं. पूर्वी त्यासाठी रजिस्टरची पानं चाळत बसावं लागायचं.

ताई, तुम्ही एवढं नक्की मागा, की नेट गेलं तरी भरता आलं पाहिजे. तुमच्याकडेही पावसाळ्यात जाईलच.

निशापाळी
लेकी, तुझा प्रतिसाद प्रिंट काढून समितीत नेते. नाव न घेता.

परळचा_पोरगा
मी रुग्णाचा नातेवाईक म्हणून लिहितोय. आई दाखल होती तेव्हा जुन्या सिस्टर खाटेजवळ येऊन उशी सारखी करता करता नळी बघायच्या. नव्या इमारतीत सिस्टर आल्या की ट्रॉलीकडे तोंड. "दुखतंय का, एक ते दहा?" आईला दहा म्हणजे काय तेच कळेना. तिने "जरा" सांगितलं. सिस्टरनी २ टाकलं. तिला रात्रभर दुखत होतं.

चांगल्या होत्या हो त्या. पण त्या स्क्रीनने त्यांना घाई लावली होती.

शिकवणी
परळचा_पोरगा, तुमच्या आईंसाठी चेहऱ्यांची पट्टी वापरायला हवी होती. वेदना मोजण्याची ती पद्धत जुनी आहे, आणि ती स्क्रीनवर सहज येऊ शकते, मराठी शब्दांसह. हे सुचवायला नर्सच लागते.

मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. बऱ्याच जणांना ठाऊक नसेल, भारतीय परिचर्या परिषदेच्या सुधारित बी.एस्सी. अभ्यासक्रमात, जो २०२१ साली राजपत्रात आला, दुसऱ्या सेमिस्टरला 'आरोग्य / नर्सिंग इन्फॉर्मेटिक्स आणि तंत्रज्ञान' असा स्वतंत्र विषय आहे. म्हणजे आता येणाऱ्या मुली याचं शिक्षण घेऊन येतात. त्यांना वॉर्डात विचारा.

आणि नर्सने सुचवलेली कल्पना कुठवर जाऊ शकते, याचं माझं वर्गातलं आवडतं उदाहरण. १९९२ साली अमेरिकेत कॅन्ससमधल्या टोपेका इथे, माजी सैनिकांच्या रुग्णालयातल्या स्यू किनिक या नर्सने भाड्याची गाडी परत करताना पाहिलं, की तिथला माणूस हातातल्या यंत्राने गाडीवरचा बारकोड वाचून क्षणात हिशोब करतोय. तिच्या मनात आलं, गाडीसाठी होतं तर औषधासाठी का नाही? रुग्णाच्या मनगटावर बारकोड, औषधावर बारकोड, दोन्ही जुळले तरच द्यायचं. तिच्या रुग्णालयात ते करून पाहिलं गेलं आणि काही वर्षांत माजी सैनिकांच्या देशभरच्या रुग्णालयांत पोचलं. आज जगभर वापरतात.

कृष्णाकाठ
शिकवणी मॅडम, उदाहरण सुंदर. त्याची पुढची गोष्टही मुलींना सांगा. बारकोड सगळीकडे पोचल्यावर कॉपेल आणि सहकाऱ्यांनी पाच रुग्णालयांत पाहणी केली, २००८ साली छापली. नर्सेस पंधरा प्रकारच्या पळवाटा काढत होत्या आणि त्यामागे एकतीस कारणं सापडली. रुग्णाच्या मनगटपट्टीची जास्तीची प्रत काढून ती दुसरीकडेच स्कॅन करायची, असंही होतं. कारणं बघा : पट्टी ओली होऊन वाचता येईना, बॅटरी संपलेली, औषधाच्या पाकिटावरचा कोड चुरगळलेला, नेट मध्येच गायब. मुली आळशी होत्या असं त्यातून निघत नाही. कल्पना नर्सची असली तरी प्रत्येक वॉर्डात ती पुन्हा नर्ससमोर तपासावी लागते.

मिरजमळा
पंधरा? आमच्या नाईटच्या मुली सोळावी काढतील. हुशार आहेत.

डॉ_घाटमाथा
पळवाटांवरून आठवलं. लॉगिन. एकाच्या नावाने उघडायचं आणि सगळ्यांनी भरायचं, हे मी जवळपास सगळीकडे पाहिलंय.

कोडोपंत
आणि तो गंभीर नियमभंग आहे. आम्ही प्रशिक्षणात ओरडून सांगतो.

कृष्णाकाठ
ओरडून काय होणार, पंत? लॉगिन व्हायला दीड मिनिट लागतं, पाच मिनिटं हात लावला नाही की बाहेर फेकतं. कोसळत्या रुग्णाजवळ कोण पासवर्ड टाकत बसेल? शिवाय रात्रीची तोंडी ऑर्डर. कागदावर आम्ही 'टेलिफोनिक ऑर्डर' लिहायचो, वेळ लिहायचो, सकाळी डॉक्टर सही करायचे. प्रणालीत नर्सला ऑर्डर टाकायची परवानगीच नाही. मग डॉक्टर फोनवर म्हणतात, "माझ्या लॉगिनने टाक." उद्या प्रकरण न्यायालयात गेलं तर?

पेन्शनर_मेट्रन
आता लिहिते, बाळांनो.

कृष्णाकाठ म्हणते ते फार महत्त्वाचं आहे. नोकरीत मी न्यायालयात साक्षीला गेलेली आहे. वकील पहिल्यांदा नर्सेस नोट्स मागतात, कारण त्यात वेळ असते. कागदावर माझं अक्षर माझी ढाल होती. दुसऱ्याच्या नावाने भरलेली नोंद कोणाचीच ढाल होत नाही. म्हणून निशापाळी, तोंडी ऑर्डरसाठी वेगळी जागा आणि ठराविक तासांत डॉक्टरांची मंजुरी, मंजुरी नाही तर त्यांच्याच स्क्रीनवर आठवण, हे करारात घालून घे. ओळखपत्र टेकवून उघडणारं लॉगिनही मिळतं म्हणतात, तेही माग.

आता जरा जुनं. नोंदी हे नर्सचं काम नव्हे, तिने फक्त सेवा करावी, असं मला तरुणपणी बरेच डॉक्टर सांगायचे. मी त्यांना नाइटिंगेल बाईंची आठवण द्यायची. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईने जास्त मेले, हे त्यांनी १८५८ साली रंगीत चक्राकार आलेख काढून सरकारला दाखवलं. १८६० साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे सगळ्या रुग्णालयांनी एकाच नमुन्यात आकडे ठेवावेत असा आराखडा मांडला. तुलना करता येईल अशा नोंदी कुठेच मिळत नाहीत, ही त्यांची तक्रार होती. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. तेव्हा नमुना कसा असावा हे ठरवणं हा आपल्या कामाचा पहिल्यापासूनचा भाग आहे. सगळं तयार झाल्यावर नर्सला बोलावणं म्हणजे घर बांधून झाल्यावर सुनेला चूल कुठे मांडायची ते विचारण्यासारखं आहे.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी टाळली. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष साध्या रुग्णालयाच्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक नर्स, शिकवणाऱ्या रुग्णालयात तिनांमागे एक. तुमच्याकडे रात्री किती असतात? माणसं वाढवणार नसाल तर कुठलीही प्रणाली नर्सला वेळ देणार नाही, तो खाईलच. कंपनीचा माणूस "सिस्टरचा वेळ वाचेल" म्हणाला की तो कुठे वापरणार हे ट्रस्टींना विचार. वाचलेला वेळ दाखवून पदं कमी केलेली मी पाहिली आहेत.

लीड्सकर
मॅडम, शेवटच्या परिच्छेदाला अनुमोदन. इथेही तेच भांडण चालू असतं.

निशापाळी
सगळ्यांचे मनापासून आभार. काल समितीची बैठक झाली.

कृष्णाकाठच्या सांगण्याप्रमाणे दोन्ही कंपन्यांना करून दाखवायला लावलं : अनोळखी रुग्ण, जुळी, रात्रीची तोंडी ऑर्डर, नेट बंद. एका कंपनीला जुळी जमली, तोंडी ऑर्डर नाही. दुसरीला तोंडी ऑर्डर जमली, पण नेट काढल्यावर स्क्रीन पांढरा. अकाउंट्सचे साहेब आतापर्यंत घड्याळ बघत होते, ते सरसावून बसले आणि त्यांनीच विचारलं, "मग त्या वेळात दिलेल्या औषधाचं बिल कसं लागणार?" त्यानंतर माझं काम सोपं झालं.

तीन गोष्टी पदरात पडल्या. सही होण्याआधी माझ्या वॉर्डात नाईटसकट प्रत्यक्ष वापरून बघायचं, आणि वॉर्डाने लेखी होकार दिल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. प्रत्येक वॉर्डातून एक नर्स या कामाला, तेवढे दिवस बदली माणसासह. रजिस्टर बंद करण्याची यादी मेट्रन मॅडम आणि अधीक्षक मिळून करणार. ट्रॉल्या मागितल्या त्यापेक्षा कमी मिळतायत, त्यावर अजून बोलणी चालू आहेत. पदांच्या प्रश्नावर ट्रस्टी काही बोलले नाहीत. तो मी पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर लेखी घातलाय.

आता मला प्रणाली बंद पडली तर वापरायचे कागदी फॉर्म तयार करायचेत. कोणाकडे नमुने आहेत का?

कोडोपंत
उत्तम! वापरून बघण्याच्या काळात प्रत्येक स्क्रीन उघडायला किती सेकंद लागतात याचा लॉग कंपनीकडून रोज मागून घ्या. सकाळी आठ ते नऊचा वेगळा.

कृष्णाकाठ
ताई, फॉर्म व्यनि (खासगी निरोप) करते. प्रणाली परत सुरू झाल्यावर कागदावरचं कोणी, किती तासांत भरायचं हे त्याच फॉर्मवर खाली छापून घ्या, नाहीतर ते पुढच्या शिफ्टवर ढकललं जातं. लहान मुलांच्या वॉर्डाचा वेगळा करा. त्यात वजनाचा रकाना सगळ्यात वर ठेवा, औषधाच्याही आधी.